लाल शैवालातलं प्रथिन काढताय? या चुका टाळा

गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवरून ओहोटीला आणलेलं लाल शैवाल प्रयोगशाळेत पोचेपर्यंत फिकट पडलं असेल, तर पुढे बफर (आम्लता स्थिर राखणारं द्रावण) कितीही नीट करा, आर-फायकोएरिथ्रिन हे त्यातलं लाल प्रथिन कमीच मिळणार. उजेड आणि उष्णता या रंगीत प्रथिनाला सोसत नाही. म्हणून शैवाल खडकावरून काढलं की लगेच काळ्या पिशवीत आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. समुद्राच्याच पाण्यात धुऊन वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि वर चिकटलेली दुसरी शेवाळं हाताने वेचून काढा. गोड्या पाण्यात मात्र भिजत घालू नका. पेशी फुगून फुटतात आणि प्रथिन धुवणातच निघून जातं. धुवणाला गुलाबी छटा आली, तर समजा नुकसान सुरू झालं.

अर्क बुळबुळीत होतो, गाळला जात नाही, ही दुसरी नेहमीची अडचण. हिप्निया या लाल शैवालात कॅपा-कॅराजिनन नावाचं चिकट द्रव्य असतं आणि पोटॅशियम मिळालं की त्याची जेली होते. तिथे बफरसाठी पोटॅशियम फॉस्फेटऐवजी सोडियम फॉस्फेट घ्या, सामू (पीएच) 7 च्या आसपास. चिकटपणा जावा म्हणून अर्क तापवणं तर सर्वांत वाईट, त्याने कॅराजिनन आणखी सुटतं. शैवाल द्रव नायट्रोजनमध्ये कुटा, पुढचं सगळं काम 4 अंशांवर करा.

मोजमापातली एक चूक मला फार खटकते. अमोनियम सल्फेटने प्रथिनाचा साका पाडायचा, डायलिसिस (पडद्यातून क्षार काढून टाकणं) अर्धवट सोडायचं आणि प्रथिन किती ते काढायला केल्डाल पद्धतीने एकूण नायट्रोजन मोजायचा! त्यात अमोनियमचाही नायट्रोजन धरला जातो आणि प्रथिन फुगलेलं दिसतं. शिवाय नायट्रोजनवरून प्रथिन काढायचा 6.25 हा गुणकही समुद्रशैवालांना जास्तच होतो, 5 अधिक जवळचा.

शुद्धता पाहताना 565 (हे प्रथिन) आणि 280 (सगळीच प्रथिनं) नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर काढा. 620 जवळ उंचवटा दिसला, तर फायकोसायनिन हे निळं प्रथिन सोबत आलेलं आहे.

एसडीएस जेलवर (प्रथिनं उलगडून आकारमानानुसार वेगळी करणारी चाचणी) अख्ख्या प्रथिनाचा सुमारे 240 किलोडाल्टनचा (रेणुभाराचं एकक) पट्टा शोधत बसू नका. तिथे अनेक घटकांचं हे संकुल सुटं होतं. 20 किलोडाल्टनच्या आसपास अल्फा-बीटा आणि 30 च्या थोडं वर गॅमा हे घटक पाहा. रंगद्रव्य प्रथिनाला सहसंयुज बंधाने जोडलेलं असल्याने जेल झिंक अॅसिटेटमध्ये बुडवून अतिनील प्रकाशात धरलं की नेमके हेच पट्टे चमकतात, बाकीची प्रथिनं नाहीत.

तयार प्रथिन गोठवू नका. 60 टक्के अमोनियम सल्फेटमध्ये, अंधारात, 4 अंशांवर ठेवा.