कार्लोस तिसऱ्याचं आठ रियाल : खरं-खोटं कडेवरून ओळखा

कार्लोस तिसरा हा अठराव्या शतकातला स्पेनचा राजा आणि आठ रियाल हे त्याचं चांदीचं नाणं. ते खरं की खोटं हे चुंबक लावून बघा, हा सल्ला आधी विसरा. चुंबकाला लोखंड कळतं. पितळेवर चांदीचं पाणी दिलेली नकल त्याला चिकटत नाही.

वजन सुमारे २७ ग्रॅम, व्यास ३८ ते ४० मिलिमीटर. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल.

मग साल बघा. मेक्सिको, लिमा, पोतोसी या स्पेनच्या अमेरिकेतल्या टांकसाळींच्या आठ रियालवर राजाचा चेहरा १७७२-७३ पासून आला. त्याआधी चेहऱ्याच्या जागी दोन खांब असत. म्हणजे चेहरा आणि साल १७६५, तर नाणं खोटं. कार्लोस डिसेंबर १७८८ मध्ये वारला, पण नव्या राजाचं चित्र समुद्रापार पोचायला वेळ लागला. त्यामुळे नाव चौथ्या कार्लोसचं आणि चेहरा तिसऱ्याचा असं १७८९-९० चं नाणं दिसलं तर ते खोटं समजू नका.

आता कड. इथे मी स्वतः फसलोय. कडेवर एक गोल, एक आयत, पुन्हा गोल अशी नक्षी असते. माझ्यापुढे दोन नाणी होती. एकाची नक्षी सगळीकडे सारखी, दुसऱ्यात एके जागी गोल आयतावर चढलेला. मी सुबक ते घेतलं. तेच बनावट निघालं.

कारण समजून घ्या. चेहरा उठवण्याआधी कोरी चकती दोन सरळ पट्ट्यांमधून अर्धा फेरा फिरवत. प्रत्येक पट्टी अर्ध्या कडेवर नक्षी उमटवी. दोन्हींची टोकं जिथे भेटतात तिथे नक्षी एकमेकींवर चढते किंवा फट राहते, आणि या दोन जागा समोरासमोर येतात. दहापट भिंग घ्या, नाणं तिरप्या उजेडात धरून सावकाश पूर्ण फिरवा. पहिला जोड सापडला की बरोबर त्याच्या समोर दुसरा शोधा. एकही जोड नसेल, किंवा कडेभोवती साच्याची रेघ वा ती घासल्याच्या खुणा असतील, तर मी ते नाणं घेत नाही, विकणारा कितीही ओळखीचा असो. नुसत्या फोटोवरून तर कधीच नाही. कडेचा फोटो मागा, दिला नाही तर विषय संपला.

नाण्यावर चिनी सराफांचे बारीक ठसे असले तर बिचकू नका, अस्सल नाण्यांवरही ते मुबलक सापडतात.

शेवटी दोऱ्याने पाण्यात टांगून घनता काढा : पाण्याच्या १०.३ पटीच्या आसपास यायला हवी. आणि नाणं उजळवायला ब्रासो, चिंच, लिंबू काहीही लावू नका.