वीटभट्टीवरची वेठबिगारी ओळखताना
रायगड, ठाणे, पालघरमधील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कातकरी आदिवासी कुटुंबे कामाला येतात. त्यांना मजुरीचा दर विचारण्याआधी उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) किती घेतली, हिशेब कोणाच्या वहीत आहे आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची मोकळीक आहे का, हे मालकाच्या माघारी हळुवारपणे विचारावे. मोकळीक नसेल, तर मारहाण दिसली नाही तरी ती वेठबिगारीच होय. वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने असे कर्ज रद्द ठरते, हे आवर्जून सांगावे, कारण ते फेडणे अनेकांना आपले कर्तव्यच वाटते. त्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. मूल राबत असेल, तर १०९८ या बालमदतीच्या फोन क्रमांकावर कळवावे. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र आणि ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.