घरी गप्पांची बैठक भरवायचीय? मग आधी वडे तळणं सोडा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिली बैठक ठेवली तेव्हा मी पूर्ण वेळ किचनमध्येच, साबुदाणा वडे तळत, आणि हॉलमध्ये दोन काकांनी सगळा विषय आपल्याकडे ओढून घेतलेला. बोलावलं मी आणि ऐकलं काहीच नाही. मग वाचत बसले की पॅरिसच्या बायका हे कसं जमवायच्या, १८व्या शतकात त्यांच्या दिवाणखान्यात तत्त्वज्ञ, चित्रकार, लेखक असे सगळे जमायचे त्याला सलाँ म्हणायचे, आपलं केस कापायचं सलून नव्हे!

तर पहिलं म्हणजे खाणं. सलाँ भरवणाऱ्या ज्युली द लेस्पिनासकडे पैसे नव्हते, म्हणून ती जेवण ठेवायचीच नाही, तरी रोज संध्याकाळी ५ ते ९ घर भरलेलं असायचं कारण लोक बोलायला यायचे. चहा आणि चिवडा बास. लंडनच्या ब्लूस्टॉकिंग बायकांनी, म्हणजे तिथे अशाच बैठका भरवणाऱ्यांनी, तर पत्ते आणि दारू बाजूला ठेवून चहावरच भागवलं होतं.

वार एकच ठेवा आणि बदलू नका. मादाम जोफ्रँकडे सोमवारी चित्रकार, बुधवारी लेखक, ठरलेलं म्हणजे ठरलेलं. सुझान नेकेरने शुक्रवार घेतला कारण बाकीचे वार आधीच दुसऱ्यांनी अडवले होते, हे आपल्यालाही बघावं लागतं, रविवार सकाळ नको कारण नाशिककर मिसळ खायला बाहेर पडलेले असतात, आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते तेव्हा आपल्याकडे कोण येणार.

आता खरं अवघड काम, बोलणं सांभाळणं. यजमानीण म्हणजे वर्गातल्या बाईच समजा, फक्त फळा नाही. जोफ्रँबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, स्पेलिंग कच्चं, पण गप्पा भलतीकडे निघाल्या की "चला, हे छान झालं" एवढंच म्हणून विषय मिटवायच्या. मी हेच वापरते आणि लगेच गप्प बसलेल्या कुणाला तरी नाव घेऊन विचारते, "काकू, तुमच्या वेळी कसं होतं?" काकांना राग येत नाही, उलट छान म्हटलं म्हणून खूश! गप्पा थंड पडल्या तर काहीतरी मोठ्याने वाचायला घ्या, सलाँमध्ये नवी नाटकं, आलेली पत्रं अशीच वाचली जायची. आम्ही सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे आपल्या १८४० सालच्या, एक पुस्तक आणतो आणि त्यातली दोनच पानं वाचतो.

खुर्च्यांचं पण बघा, सोफ्यासमोर रांग लावली की सभा होते. लंडनच्या एलिझाबेथ व्हेसी मुद्दाम खुर्च्या विखरून छोटे छोटे घोळके करायच्या, आम्ही सतरंजी टाकतो आणि गुडघे दुखणाऱ्यांना चार खुर्च्या चार कोपऱ्यांत.

आणि हो, एखादी तरुण मुलगी हाताशी घ्या. जोफ्रँबाई हे सगळं मादाम द तांसँच्या सलाँत जाऊन जाऊन शिकल्या आणि १७४९ मध्ये तांसँबाई वारल्यावर त्यांची बरीच मंडळी जोफ्रँकडे यायला लागली. आमच्याकडे शेजारची कॉलेजवाली आहे, दर तिसरी बैठक तिच्या हातात देते आणि मी मागे बसते, तोंड बंद ठेवणं जाम जड जातं.

पुढची तारीख मात्र लोक चपला घालायच्या आत ठरवा, एकदा लिफ्टमध्ये शिरले की नंतर ग्रुपवर नुसते अंगठे येतात.