सीमाभागात स्वयंसेवक म्हणून येताय? माझा पहिला महिना

जूनमध्ये मी साताऱ्याहून कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आरोग्य स्वयंसेवक म्हणून आलो. पहिला महिना काम नाही. गावात एका घरी राहायचं, बोली आणि रीतभात शिकायची, एवढंच प्रशिक्षण. मराठी माणसांतच राहायचंय, मग शिकायचं काय, असं मला वाटलं होतं. तुम्हालाही वाटेल, म्हणून लिहितोय.

घर मराठी, शेजार कन्नड. घरच्या मावशी चुलीपुढे माझ्याशी मराठीत बोलत आणि त्याच दमात परसदारी आलेल्या शेजारणीला कन्नडमध्ये उत्तर देत. तिसऱ्या दिवशी त्या शेजारणीकडे जेवायला बसलो. भात वाढायला लागल्यावर मी पाठ केलेला शब्द वापरला, 'साकु', म्हणजे पुरे. अक्कांचा डाव ताटावर तसाच थांबला. मावशी हळूच म्हणाल्या, "बाळा, 'साक्री' म्हण." तो 'री' म्हणजे आपलं 'अहो'. बर्री (या), कुंड्री (बसा), हौद्री (हो)... मोठ्या माणसाशी बोलताना तो लावायचाच. मी 'साक्री' म्हटलं, तेव्हा अक्का हसल्या आणि आणखी एक डाव भात पडलाच. हाक मारायला अक्का, अण्णा, अज्जी हे शब्द दोन्हीकडे चालतात. 'ताई' मात्र जपून, कन्नडात 'तायी' म्हणजे आई.

कपडे कमी आणा, पण लवकर वाळणारे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. बूट नकोत, रबरी चप्पल बरी.

भातलावणीच्या दिवसांत दुपारी घरोघरी फिरू नका, घरात कुणी नसतं. त्यापेक्षा शेतात उतरा. मी दोन दिवस बायकांच्या ओळीत वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावला. कंबर धरली, पण कुणाच्या पोराचा ताप उतरत नाही, कोण साखरेच्या आजाराच्या गोळ्या मधेच बंद करून बसलंय, हे सगळं तिथं चिखलात कळलं. फॉर्म भरून घेताना हे कुणी सांगत नाही.

सीमाप्रश्नावर आल्या आल्या मत देऊ नका. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला कुणी कर्नाटक राज्योत्सव करतं, कुणी काळा दिवस पाळतं, आणि तुम्हाला दोन्ही घरांत जायचं असतं. मी राहत होतो त्या घरच्या आजोबांनी महिना संपत आला तेव्हा आपणहून विषय काढला. ट्रंकेतून जमिनीचा उतारा काढून माझ्यापुढे धरला. उतारा कन्नडमध्ये. आजोबा मराठी शाळेत शिकलेले. स्वतःच्याच शेताचा कागद वाचायला त्यांना सातवीतल्या नातवाला हाक मारावी लागते.

तोवर मी बसच्या पाट्या वाचण्यापुरतीच लिपी शिकत होतो. त्या रात्री नातवाला शेजारी बसवून पहिल्यापासून मुळाक्षरं गिरवायला घेतली. आपल्यासारखी सलग शिरोरेघ नाही, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर ज्याची त्याची छोटी रेघ. आजोबा कंदील जवळ सरकवून बघत बसले होते.