शेंगाचटणी खवट होऊ नये म्हणून

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज 40 अंशांच्या वर जातो आणि ओट्यावरची शेंगाचटणी बघता बघता खवट लागते. बुरशी नसते, ओल नसते, तरी वास बिघडतो. हे काम जंतूंचं नाही, हवेतल्या ऑक्सिजनचं आहे.

शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. त्यातल्या लिनोलिक आम्लासारख्या असंतृप्त मेदाम्लांवर ऑक्सिजन बसतो आणि पेरॉक्साइडं तयार होतात. त्यांना वास नसतो. ती फुटली की हेक्झानलसारखी अल्डिहाइडं बनतात, आणि नाकाला झोंबतो तो वास त्यांचा. बिघडलेला एक रेणू शेजारच्याला बिघडवतो, त्यामुळे बरेच दिवस काही कळत नाही आणि मग एकदम कळतं.

आता करायचं काय? आधी साठा शेंगांचाच ठेवा. टरफलात दाणा सुरक्षित असतो. भाजून कुटला की तेल बाहेर येतं आणि हवेला भरपूर जागा मिळते. म्हणून चटणी थोडी थोडी कुटा. दाणे मंद आचेवर भाजा, करपवू नका. कुटलेली चटणी पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर आत वाफ धरते.

बरणी लहान घ्या आणि काठोकाठ दाबून भरा. अर्धी रिकामी मोठी बरणी म्हणजे अर्धी बरणी हवा. बिनकल्हईचं तांब्या-पितळेचं भांडं नको, कारण तांबं ही क्रिया भडकवतं, लोखंडाचंही तेच. काच उत्तम, पण उजेडात ठेवू नका.

सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे: तळाशी उरलेल्या जुन्या चटणीवरच नवी ओततात. तळातली पेरॉक्साइडं नव्या तेलात साखळी सुरू करून देतात. बरणी साबणाने धुऊन, कोरडी करूनच भरा.

ढोबळमानाने तापमान 10 अंशांनी वाढलं की असल्या क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणून उन्हाळ्यात चटणी फ्रिजमध्येच हवी. फ्रिजने क्रिया मंदावते, थांबत नाही. आठवड्याला लागेल तेवढीच छोट्या डबीत बाहेर काढा. मोठी बरणी सारखी आत-बाहेर केली तर थंड काचेवर दव धरतं.

शंका आली तर चिमूटभर चटणी तळहातावर चोळून हुंगा, उबेने वास लगेच वर येतो. जुन्या रंगाचा किंवा मेणाचा वास आला तर टाकून द्या. परतून, लसूण वाढवून ती सुधारत नाही.