चांगली रेड वाईन निवडताना लेबल कसं वाचायचं

फ्रेंच बाटलीवर बहुतेकदा द्राक्षाचं नाव नसतंच, गावाचं असतं, त्यामुळे गाव कळलं की अर्धं काम झालं. बोर्दो या फ्रेंच वाईन प्रदेशात पोइयाक, मार्गो ही गावं म्हणजे नदीच्या डाव्या तीरावरची, काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष जास्त, तरुणपणी जरा कडक, आणि पोमरॉल, सेंट एमिलियों उजव्या तीरावरची, मर्लो द्राक्षामुळे मऊ, म्हणून पहिल्यांदा घेणार असाल तर माझं मत उजव्या तीरालाच. बरगंडी या दुसऱ्या फ्रेंच प्रदेशाची रेड म्हणजे जवळजवळ नेहमी पिनो न्वार द्राक्षाची, हलकी, सुगंधी. बोर्दोच्या वाईनना दर्जा देणाऱ्या १८५५ च्या यादीतली नावं बघून भुलू नका, दीडशे वर्षांहून जुनी क्रमवारी आहे ती, त्यापेक्षा बाटलीवरचं द्राक्ष काढणीचं साल बघा, बोर्दोचं २०१६ मस्त, २०१३ शक्यतो टाळा.

अमेरिकन लेबल सोपं, द्राक्षाचं नाव सरळ लिहिलेलं असतं, आणि ते लिहायला किमान ७५ टक्के तेच द्राक्ष लागतं, ओरेगॉनच्या पिनो न्वारला तर ९० टक्के. १९७६ साली पॅरिसच्या ब्लाइंड टेस्टिंगमध्ये, म्हणजे लेबल झाकून चव घेतली तेव्हा, कॅलिफोर्नियातल्या नापाच्या काबर्नेने बोर्दोच्या दिग्गजांना मागे टाकलं होतं, त्यामुळे नापाला कमी लेखू नका. फक्त ‘रिझर्व्ह’ शब्दाला जादा पैसे मोजू नका, तिथे त्याला कायद्याने काही अर्थ नाही.