पाऊस मोजायच्या पट्टीनेच हिमयुग मोजायचं

सातवी-आठवीच्या मुलांना हवा, हवामान आणि हिमयुग शिकवायला घेतलं की पहिलं घोडं अडतं ते शब्दावरच. पुस्तकात ‘हवा’ म्हणजे आज-उद्याची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. टीव्हीवर मात्र रोज रात्री ‘उद्याचं हवामान’ सांगतात. पोरांनी कुणाचं खरं मानायचं? गोव्याच्या फोंडा तालुक्यात इतकी वर्षं भूगोल शिकवल्यावर व्याख्या पाठ करून घ्यायचा नाद मी सोडलाय. आता जूनमध्ये बाटली कापतो, श्रावणात दोरी ताणतो आणि चवथीची सुट्टी संपली की पेल्यात बर्फ टाकतो.

बाटली दोन लिटरची घ्या, पण सरळ अंगाची. मध्ये कंबर असलेली चालत नाही. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाला खळगे असतात, तिथे खडे घालून पाणी ओता आणि बाटलीचं अंग जिथून सरळ होतं तिथे मार्करने शून्याची रेघ मारा. तिथून वर पट्टी चिकटवा. तोंड आणि पोट एकाच मापाचं असल्यामुळे पट्टीवरचे मिलिमीटर तेच पावसाचे मिलिमीटर. भोवती चार चिरे लावा, नाहीतर वाऱ्याने बाटली आडवी होते. रोज सकाळी साडेआठला वाचायचं (वेधशाळेचीही वेळ हीच), लिहायचं आणि पाणी परत शून्यावर आणायचं. पाऊस पडला नाही तर ० लिहायचा, रकाना मोकळा सोडायचा नाही.

पहिल्या वर्षी मी बाटली व्हरांड्याच्या कडेला ठेवली. दुसऱ्या दिवशी एकाने वहीत १४० लिहिलं. वेधशाळेच्या हिशेबात चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरपासूनच ‘अतिजोरदार’ सुरू होतं. इकडे तर मैदानातली डबकीसुद्धा धड भरलेली नव्हती. वर पाहिलं, तर कौलांच्या पागोळ्या बरोबर नरसाळ्यात! अख्ख्या छपराचं पाणी आम्ही आभाळाच्या खात्यावर मांडत होतो. तेव्हापासून बाटली मैदानाच्या मध्यात असते, छप्पर किंवा माड जितका उंच त्याच्या निदान दुप्पट लांब.

महिनाभर आकडे लिहिले की मुलंच म्हणू लागतात, ‘सर, यंदा मिरग कोरडा गेला, हवामान बदललं.’ इथे थांबवायचं. एक मिरग म्हणजे हवा. हवामान म्हणायला साधारण ३० वर्षांच्या नोंदी हव्यात. सध्या आपली वेधशाळा तापमानासाठी १९९१ ते २०२० ची सरासरी धरते, पावसासाठी तर १९७१ ते २०२० ची. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा फळ्यावर लिहून काही कळत नाही. वर्गाच्या दाराशी पट्टी धरून तीन मीटर मोजायला लावा, चौकट संपते तरी पाणी संपत नाही.

आता दोरी. तीच पट्टी, फक्त एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. मुलाचं अख्खं आयुष्य नखाएवढं, १२ मिलिमीटर. हवामानाची ३० वर्षं म्हणजे ३ सेंटिमीटर. मग काथ्याची दोरी घेऊन मैदानात उतरायचं. शेवटचा हिमकाळ (हिमयुगातला कडक थंडीचा टप्पा) संपला ती खूण पावणेबारा मीटरवर, तो ऐन भरात होता ती खूण सुमारे वीस मीटरवर. हिमकाळाचं एक चक्र साधारण शंभर मीटरचं भरतं, तिथे आमचं मैदान संपतं. अंटार्क्टिकात खोल खणून काढलेल्या बर्फात ८ लाख वर्षांपर्यंत जुनी हवा (आपण श्वासात घेतो ती) बुडबुड्यांत अडकलेली सापडली आहे. ती खूण ८०० मीटरवर, म्हणजे आमच्या तिठ्याच्याही पुढे. तिथवर चालतच जातो.

वाटेत हमखास प्रश्न येतो, ‘तेव्हा थंडी लई वाढली का?’ मी जुलैतल्या कपड्यांचं उदाहरण देतो. घरात कपड्यांचा ढीग होतो तो धुणं वाढलं म्हणून नव्हे, वाळत नाहीत म्हणून. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांत हळूहळू बदलतात. त्यामुळे उत्तरेकडचे उन्हाळे सौम्य झाले की हिवाळ्यातलं बर्फ पुरतं वितळत नाही आणि दरवर्षी थोडं थोडं साठत जातं. पांढरं बर्फ ऊन परतवतं, हवेतला कार्बन डायऑक्साइडही घटतो, आणि थंडी आणखी वाढते. गोव्यात तेव्हाही बर्फ नव्हतं. पाऊस मात्र आजच्यापेक्षा कमजोर होता. आणि ग्रीनलँड-अंटार्क्टिकावर अजून बर्फाची चादर आहे म्हणून शास्त्रज्ञ आजच्या काळालाही हिमयुगातलाच उबदार टप्पा म्हणतात. हे ऐकून मे महिन्यातला घाम आठवून मुलं हसतात.

शेवटी दोन पेले. एकात पाणी आणि तरंगता बर्फ. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेला दगड आणि त्याच्यावर बर्फ. दोन्हींवर पाण्याची रेघ मारून मधली सुट्टी होऊ द्या. पहिल्यात रेघ जिथल्या तिथे, दुसऱ्यात पाणी वर. हिमकाळात हेच उलटं झालं होतं. पाणी बर्फ होऊन जमिनीवर बसलं आणि समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला. आजच्या मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहिलं असतं तर लाटा दिसल्याच नसत्या, समुद्र पश्चिमेला कित्येक किलोमीटर लांब.

हा तास मी शक्यतो खाजनाच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर घेतो. भरतीला मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची) दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने पट्टी काढून पाण्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि पाऊस लिहायच्या वहीतच शेवटच्या पानावर टिपून ठेवलं. आता दरवर्षीची मुलं त्याच्याखाली आपला आकडा लिहितात, पुनवेच्या भरतीला, त्याच चिऱ्यापाशी.